सीताफळाचे डोळे

माझ्याकडे बटणांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात लिंबाएवढं, हिरव्या दोऱ्याचं, क्रोशानं विणलेलं एक सीताफळ आहे. घरातल्या कुठल्याही पोरीनं डबा उघडला की तेच आधी उचलते. "आजी, हे माझ्या पर्सला लावायला दे की." पर्सला, पिशवीला असली लटकनं लावायची पद्धत आता पुन्हा आली म्हणे. मी देत नाही. पोरी म्हणतात, आजी चिक्कू आहे. म्हणू देत. चिक्कू म्हटलेलं परवडतं, पण ते लटकन का देत नाही हे सांगायचं झालं तर फार मागं जावं लागतं, आणि तिथं माझं तोंड काही चांगलं दिसत नाही.

तरी आज सांगतेच.

आमचं गाव खर्ड्याच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याला. चांगलं साल असलं की डोंगरात सीताफळं इतकी यायची की पोरं खाऊन बिया मोजायची पैज लावायची. आमच्या शेजारचं घर ख्रिस्ती होतं. त्यांची थोडी कोरडवाहू जमीन आमच्या बांधाला लागून. त्यांची मुलगी माझ्या बरोबरीची, माझी मैत्रीण. पहिलीपासून अकरावीपर्यंत एका बाकावर. तिच्या आईला मी मावशी म्हणायची. मावशीचं माहेर नेवाशाकडचं. लहानपणी ती तिकडं मिशनच्या शाळेत गेलेली, आणि तिथल्या मडमबाईंनी तिला क्रोशाची सुई धरायला शिकवलेली. आमच्या गावात क्रोशा येणाऱ्या पाचसहा बायका होत्या, पण त्या सगळ्या रुमालाच्या कडा आणि तांब्यावरची झाकणं करायच्या. मावशी मात्र काहीही करायची. आणि गंमत म्हणजे तिला विणताना कधी कोणी बघितलं नव्हतं. ओट्यावर बसून गप्पा मारत विणणं तिला माहीतच नाही. घरात दार लोटून विणायची. आम्हाला वाटायचं, नमुना कोणी चोरू नये म्हणून.

सीताफळ तिनं दुष्काळाच्या आधीच्या साली केलं. माझी मैत्रीण हट्ट करून बसली की माझ्या शबनमला काहीतरी लाव. तेव्हा खांद्याला शबनम पिशवी म्हणजे केवढी ऐट. मावशीनं चार दिवसांत ते करून दिलं. आत सावरीचा कापूस, वर देठ, देठाला अडकवायची दोरी. आणि अंगभर फुगीर डोळे, अगदी खऱ्या सीताफळासारखे. शाळेतल्या पोरी नुसत्या हात लावायला यायच्या. ते डोळे कसे काढलेत ते कोणालाच कळेना. मला साखळी येत होती, मुका खांब येत होता, खांब येत होता, म्हणजे क्रोशाचे साधे टाके सगळे. एवढ्यावर मी स्वतःला मोठी विणकरीण समजत होते. पण तो डोळा काही मला सुटेना.

मग दुष्काळ पडला. त्याच्याबद्दल फार लिहीत नाही. अर्धं गाव खडीच्या कामावर जायला लागलं, माझे आईवडील गेले, मावशीही गेली. ओळीनं बायका बसायच्या, पुढ्यात दगडांचा ढीग. एका हातानं दगड धरायचा, दुसऱ्या हातानं हातोडी. तिथं दुसऱ्याच महिन्यात मावशीच्या डाव्या हातावर हातोडी बसली. अंगठा आणि पहिलं बोट, दोन्ही. हाड जुळलं पण बोटं वाकायची राहिली. लाकडाच्या खुंट्यांसारखी. भाकरी थापायची कशीबशी, पण क्रोशाचं नाव संपलं. मला तेव्हा वाटलं, डावा हात ना, सुई तर उजव्या हातात असते, मग दोरा धरायचंच तेवढं अडलं असणार. या माझ्या वाटण्याकडं लक्ष ठेवा, पुढं त्याचंच सगळं आहे.

मॅट्रिकचा निकाल लागला. मैत्रीण पास झाली. मी गणितात आणि इंग्रजीत आपटले. तिला नगरला डी. एड. ला जागा मिळाली, मिशनच्याच वसतिगृहात राहायची सोय झाली. माझ्या आईनं सांगितलं, "झालं तेवढं लई झालं. आता सोयरिकीचं बघू." मैत्रिणीच्या घरी ट्रंक भरायला सुरुवात झाली आणि मी रोज तिथं जाऊन बसायची. हसायची, घड्या घालायची, आणि आतून जळायची. खोटं कशाला बोलू. माझ्या जिवाभावाची होती ती, आणि मला ती जाऊ नये असं वाटत होतं. जायचंच असेल तर माझ्याकडं नाही असं काही तिनं घेऊन जाऊ नये असं वाटत होतं. आता विचार केला तर त्या वाटण्याला काही अर्थ नाही. सतरा वर्षांची होते.

एके दिवशी मी तिला म्हटलं, "तुझं सीताफळ मला चार दिवस दे. बघून मी एक करते. तू तिकडं, मी इकडं, दोघींच्या पिशवीला सारखं लटकन."

ती घुटमळली. "आई कुणाच्या हातात देऊ देत नाही गं ते."

"मी काय कुणी आहे का?"

"तसं नाही. आता आईच्या हातचं दुसरं होणार नाही ना. म्हणून."

"मी काय खाणार आहे का ते? नुसतं बघणार."

"जपून हं. जायच्या आधी दे. आणि आईला बोलू नको."

तिनं स्वतःच्या हातानं दोरी सोडून ते माझ्या ओंजळीत ठेवलं. हे मी मुद्दाम लिहितेय. मी चोरलं नव्हतं, हिसकावलं नव्हतं. तिनं विश्वासानं दिलं होतं, आणि काय देतेय तेही सांगून दिलं होतं.

आता आमची शिकायची रीत सांगते. आमच्याकडं नमुन्यांची पुस्तकं नव्हती. कोणाचा रुमाल आवडला की आणायचा, कडेची एक ओळ उसवायची, उसवताना दोरा कुठून कुठं गेला ते बघायचं, आणि तीच ओळ परत विणून द्यायची. उसवल्याशिवाय टाका कळत नाही, असं आम्ही सगळ्याच म्हणायचो. बायका त्यासाठी आपणहून रुमाल द्यायच्या. त्यामुळे मला ते पाप वाटलंच नाही. निदान सुरुवातीला नाही.

तीन दिवस नुसतं बघत बसले. आतला टाका दिसेना. चौथ्या दिवशी दुपारी घरातली सगळी कामावर गेलेली. मी वडिलांच्या दाढीचं पातं घेतलं आणि देठाची शेवटची गाठ कापली. म्हटलं, एकच डोळा उसवायचा.

एक उसवला आणि कळलं. एकाच घरात पाच खांब घालायचे, मग सुई काढून पहिल्या खांबात घालायची आणि शेवटचा फास त्यातून ओढून घ्यायचा. पाची खांब पोटात गोळा होतात आणि डोळा फुगतो. इतकं साधं. तिथं मला थांबता आलं असतं. पण किती डोळ्यांनंतर वाढवायचं, किती ओळींनंतर कमी करायचं, ते कुठं कळलं होतं? म्हणून दुसरी ओळ. मग तिसरी. कॅलेंडरच्या पाठीमागं मी खुणा मांडत गेले, मुक्याला टिंब, डोळ्याला गोल. कापूस बाहेर काढून वाटीत ठेवला. एक गोष्ट मला खटकली होती हे मला पक्कं आठवतं. दोरा सुटताना हाताला उलटा येत होता. आमचं उसवताना दोरा जिकडं पळतो, त्याच्या विरुद्ध बाजूला हा पळत होता. मी म्हटलं, मी धरलंय उलटं. आणि ओढत राहिले. शेवटची साखळी सुटली तेव्हा पुढ्यात कुरळ्या दोऱ्याचा एक गुंता होता आणि सीताफळ नव्हतं.

जायच्या आधी ते तिला परत द्यायचं होतं.

दोरा पेल्याला गुंडाळला, ओला केला, सुकवला, म्हणजे कुरळेपणा जातो. मग विणायला बसले. खूण बघून, एकेक मोजून. दोन दिवसांत सीताफळ परत उभं राहिलं. तितकेच डोळे, तोच दोरा, तोच कापूस. फक्त रंग कबरा दिसायला लागला. उन्हानं उडालेला दोरा आणि आत लपलेला गर्द दोरा, यांची आता सरमिसळ झाली होती. ते मी कौलावर उन्हात टाकलं. रंग जरा सारखा झाला. आणि मनात काय यावं? मला माझं कौतुक वाटलं. मावशीच्या तोडीचं केलं म्हणून. दुसरं, माझं स्वतःचं, करायचं राहूनच गेलं.

जायच्या आदल्या दिवशी मी ते घेऊन गेले. मैत्रीण म्हणाली, "रंग असा का गं?"

"हाताला तेल होतं, मळलं. म्हणून धुतलं."

"बरं केलंस," ती म्हणाली आणि पिशवी पुढं केली. तेवढ्यात मावशी आतून आली.

"आन इकडं, मी बांधते," मावशी म्हणाली. लेक नगरला चालली, तर पिशवी आपल्या हातानं तयार करावी, एवढंच तिच्या मनात असणार. तिनं सीताफळ उजव्या हातात घेतलं आणि त्याच्यावरून अंगठा फिरवला. सहज, सवयीनं. अंगठा थोडा पुढं गेला आणि थांबला. परत मागं आला. परत गेला. मग तिनं माझ्याकडं बघितलं.

मी ट्रंकेकडं बघायला लागले.

मावशीनं गाठ मारली, दातांनी ओढून घट्ट केली आणि लेकीला म्हणाली, "जा गं, हंडाभर पानी आन. उद्या सकाळी गडबड नगं." मैत्रीण हंडा घेऊन गेली.

"उसवलंस व्हय?" मावशी म्हणाली.

"न्हाई मावशी."

तिनं आपला डावा हात माझ्यापुढं धरला. ती दोन ताठ बोटं. "माजी सुई ह्या हातात असायची. मी डावखुरी. माजे डोळे डावीकडनं उजवीकडं चढत्यात. हे उलटं चढलंय."

मी ट्रंकेची कडी वरखाली करत राहिले.

"जेवायला उजवा, वाढायला उजवा, झाडायला उजवा. ल्हानपनी आजीनं डाव्या हातावर पळीचे चटके दिलेत मला. सुई तेवढी कुनी बघितली न्हाई म्हनून ह्या हातात ऱ्हायली. खडीवर पन बाया म्हनल्या, डाव्यानं मारती, कपची आमच्या डोळ्यात येती, उजव्यानं मार. मारली उजव्यानं. बसली ह्याच्यावर." असं म्हणून ती चक्क हसली. मग परत विचारलं, "उसवलंस?"

आणि मी, इतकं सगळं ऐकल्यावर, म्हणाले, "न्हाई."

"बरं," मावशी म्हणाली. "त्या पोरीला काय बोलू नगंस."

सकाळी एस. टी. आली. मैत्रीण चढली, खिडकीतून हात हलवला. खांद्याला शबनम आणि तिला माझ्या हातचं सीताफळ. ती त्याला आईचं समजून घेऊन गेली.

आठ दिवस मी मावशीच्या दारावरून गेले नाही. विहिरीला लांबच्या वाटेनं जायची. आई म्हणायची, "शेजारनीशी भांडलीस का काय?" नवव्या दिवशी मी गेले. मावशी निवडत बसली होती. मी उंबऱ्यातच बसले आणि म्हटलं, "मावशी, मी उसवलं. सगळं."

"म्हाईत हाय. आत ये, ऊन लागतंय."

"मारा मला."

"कुठल्या हातानं मारू?" ती म्हणाली. मला रडू आलं आणि तिला हसू.

त्या दिवशी मी तिला सांगितलं, मला डाव्या हातानं विणायला शिकवा. मनात ठरवलं होतं की तिच्या बाजूनं चढणारं सीताफळ करायचं आणि मैत्रीण नाताळाला आली की गुपचूप बदलायचं. मावशीला हे सांगितलं नव्हतं. तिला वाटलं असेल, पोरीला हौस आहे. शिकवायला तिला आवडलं. ती माझ्यासमोर बसायची आणि उजव्या हातानं माझा डावा हात धरून फिरवायची. काय सांगू, किती अवघड. सतरा वर्षं जो हात नुसता धरायला वापरला, त्याला सुई पेलेना. दोरा घामानं काळा व्हायचा. मावशी म्हणायची, "आता कळलं का, मला पळी धरताना काय व्हायचं ते?" पाच महिन्यांत सात सीताफळं वाकडी झाली. आठवं जमलं.

मावशीनं ते घेतलं, अंगठा फिरवला. अंगठा कुठंच अडला नाही. "आता बराबर चढलं," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. तेव्हा मी माझा बेत सांगितला.

तिनं ते सीताफळ माझ्या मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "पयलं खोटं उघडं पडंल म्हनून त्याच्या जागी चांगलं खोटं लावायचं?"

"पन हे तुमच्यासारखं हाय मावशी."

"माज्यासारखं हाय. माजं न्हाई. हे पन तुजंच."

"मग सांगून टाकू तिला?"

"मी हाय तवर नगं. त्या वसतिगृहात तिला रडायला कुनी न्हाई. माज्या मागं तुजं तू बघ."

नाताळाला मैत्रीण आली. केकचा तुकडा द्यायला मला हाक मारली. मी गेले, आणि काय सांगू, मावशीनं एवढं बजावूनसुद्धा ते आठवं सीताफळ पदराखाली मुठीत घेऊन गेले. पिशवी खुंटीला होती. मैत्रीण चुलीपाशी आईला मदत करत होती. दोरी सोडायची, बांधायची, एवढंच काम. मी पिशवीला हात लावला तर मैत्रीण तिकडूनच म्हणाली, "मळलंय ना गं ते? तिथं रात्री झोप आली नाही की मी त्याच्यावरून अंगठा फिरवत बसते. आई जवळ असल्यासारखं वाटतं." मी बघितलं. डोळे घासून गुळगुळीत झाले होते. माझे डोळे. तिच्या अंगठ्यानं सहा महिने घासलेले. ते काढून हे कसं लावणार? मूठ तशीच पदराखाली घेऊन मी केक खाल्ला. मावशी भाकरीकडं बघत होती.

पुढं माझं लग्न झालं. मैत्रीण शिक्षिका झाली. तिनं शहरात संसार केला, मी श्रीगोंद्याकडं दिले गेले. मधली वर्षं सोडून देते. मावशी चांगली म्हातारी होऊन गेली. मातीला मी गेले होते. मैत्रीण माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "आईच्या हातचं आता ते सीताफळच राहिलं बघ." मावशीनं घातलेली मुदत त्या दिवशी संपली होती. "माज्या मागं तुजं तू बघ." मी म्हटलं, आज कसं सांगायचं, आज तिची आई गेलीय. मग म्हटलं, वर्षश्राद्ध होऊ दे. ख्रिस्ती लोकांत वर्षश्राद्ध नसतं, हे मला काय माहीत नव्हतं? मला निमित्त पाहिजे होतं. अशी निमित्तं मला बक्कळ मिळाली.

आता मीही मुलाकडं नगरला असते. मैत्रीण सावेडीत. आठवड्यातून एकदा रिक्षा करून मी तिच्याकडं जाते. सीताफळ तिच्या कपाटाच्या किल्लीला असतं. बोलता बोलता ती किल्ली हातात घेते आणि अंगठा फिरवते. उजवीकडून डावीकडं, माझ्या बाजूनं. इतक्या वर्षांत तिच्या लक्षात आलं नसेल का? तिची आई डावखुरी होती हे तिला माहीत नाही असं कसं म्हणू? कधी वाटतं तिला सगळं कळलंय आणि मी कधी बोलते याची ती वाट बघतेय. कधी वाटतं तसं काही नाही, हा माझ्या मनाचा खेळ. मावशी सांगून गेली होती, मैत्रिणीला जपायचं म्हणून मी बोलले नाही, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस समजावलं. पण मावशी जाऊनही इतकी वर्षं झाली. जपत होते ती मला स्वतःला.

मी म्हातारपणी हे असलं लिहायला लागले ते तिच्यामुळेच. माझ्या ऱ्हस्व-दीर्घाची बोंब. मी लिहिते, कागद तिच्याकडं नेते, ती चष्मा लावून लाल पेनानं दुरुस्त करते, निवृत्त बाईंची सवय. मग ते बाहेर जातं. तिच्या हाताखालून गेल्याशिवाय माझा एकही कागद आजवर कोणी वाचलेला नाही.

हाही तसाच जाणार आहे. तोंडानं मला जमलं नाही, मावशीनं दोनदा विचारल्यावरही पहिल्या दिवशी जमलं नाही, तर हिला सांगायला काय जमणार. कागद पिशवीत घातलेत. त्यांच्याबरोबर डब्यातलं आठवं सीताफळही घेतलंय, बदलायला नाही, नुसतं दाखवायला. तुमच्या हातात हे आलं असेल, तर तिनं आधी वाचलंय.